नदीला जागा कोणी करून दिली?

27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे घराघरांतून चिखल उपसणं चाललं होतं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, “नदी एवढा गाळ आणते, मग इतक्या वर्षांत इथे त्याचा डोंगर कसा नाही झाला?” त्यांचा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर मी माहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला, लहानपणी बघितलं होतं.

उल्हास राजमाचीकडून उतरते आणि वसईच्या खाडीला मिळते. तिच्या खाली काळा कातळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर याच जातीच्या दगडाचं. हा तळ खचत नाही. त्यामुळे एका पुरात काठावर पडलेला गाळ पुढच्या कुठल्यातरी पुरात उचलला जातो आणि शेवटी खाडीकडे जातो. गाळ टिकून राहायला जागा लागते, ती एकट्या नदीला करता येत नाही.

चंद्रपूरकडे ती जागा जमिनीने करून दिली. आज जिथे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीची खोरी आहेत, तिथे वायव्येकडून आग्नेयेकडे लांबच लांब भेगा पडल्या आणि मधला पट्टा खाली सरकू लागला. या भेगा म्हणजे भ्रंश. बाबा वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खदानीत होते, तिथे सगळे ‘फॉल्ट’ म्हणायचे. कोळशाचा थर सरळ चाललेला असताना मध्येच दगडाची भिंत आडवी यायची. “थर संपला नाही, खाली गेलाय,” बाबा सांगायचे. खदानीतले असे बरेच फॉल्ट थर साठून झाल्यानंतरचे. पट्ट्याच्या कडेचे मोठे भ्रंश मात्र गाळ साठत असतानाच हलत होते.

जमीन थोडी खचली की आजूबाजूच्या नद्या तिकडे वळायच्या, खोलगट भाग वाळूने भरायच्या. तोवर तळ आणखी खाली गेलेला असायचा. कोट्यवधी वर्षं हे चाललं. म्हणून गाळाची जाडी किलोमीटरांत गेली, पण वर कुठल्याही काळात पाहिलं असतं तर बहुधा उथळ पाणी, दलदल आणि वाळूची पात्रंच दिसली असती. या साऱ्या कहाणीत मला हेच सर्वात विलक्षण वाटतं.

सुरुवात झाली ती बर्फाने. चंद्रपूरजवळ इरई नदीकाठी हिमनदीने ओरखडलेला चुनखडक फ्रान्सिस फेडन यांनी 1870च्या दशकात नोंदवला. उन्हाळ्यात अंगाची लाही करणाऱ्या त्या मुलखात! हवामान निवळल्यावर ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं उभी राहिली. त्यांचा पालापाचोळा दलदलीत पडून पाण्याखाली हवेशिवाय राहिला, म्हणून कुजून नाहीसा झाला नाही. तळ फार वेगाने खचला असता तर तिथे तळं होऊन चिखल बसला असता. खचलाच नसता तर पाला उघडा पडून कुजून गेला असता. वर्धा खोऱ्यात हा मेळ इतका जमला की काही ठिकाणी कोळशाचा थर पंधरा-वीस मीटर जाड आहे.

तो कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो. तिथून आपल्या भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची, 1500 मेगावॉट क्षमतेची वाहिनी 1999 पासून आहे. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या वर पंख्याकडे बघत राहिल्या.

पट्टा पुढेही खचत राहिला. दक्षिणेला, सिरोंचाच्या बाजूला, ज्युरासिक काळात तळी होती. त्यांच्या चुनखडकात माशांचे जीवाश्म मिळतात. त्याच काळातल्या नदीच्या वाळूत बारापासॉरस या प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं मोठमोठ्या झाडांच्या खोडांसोबत पुरली गेली. 1960च्या सुमारास ती आजच्या तेलंगणात सापडली. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये त्याचं नामकरण करताना रवींद्रनाथ टागोरांची आठवण ठेवली, आणि सापळा कोलकात्यात उभा केला. राज्याच्या सीमेच्या अलीकडे, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, वडधमला जीवाश्म उद्यान आहे. ताडोब्याला जाणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, वडधमला गेलेलं एकही नाही. पुढच्या दिवाळीत काकूंना घेऊन मी जाणार आहे.