डॅशबोर्डच्या आत, घाटाच्या अल्याड-पल्याड

पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत ९८.३ लावून ठेवलं तर मावळ ओलांडेपर्यंत पुण्याची रेडिओ मिर्ची वाजते आणि घाट उतरून पुढे गेल्यावर, बटणाला बोटही न लावता, मुंबईची. दोन्ही शहरांत त्या वाहिनीची फ्रिक्वेन्सी एकच आहे. रेडिओ सिटीचंही तेच, दोन्हीकडे ९१.१. गंमत होते ती मधल्या पट्ट्यात. एका वळणावर पुण्यातल्या सोन्याच्या दुकानाची जाहिरात, पुढच्या वळणावर मुंबईच्या ट्रॅफिकची खबर, मध्ये नुसती खरखर. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं आली तर एफएमचा रेडिओ दोघांची सरमिसळ ऐकवत नाही. जे जोरात येतं ते धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. घाटात दर वळणाला डोंगराची आड बदलते, म्हणून जोरात कोण हेही बदलत राहतं.

एफएमच्या लहरी जेमतेम तीन मीटर लांबीच्या. त्या सरळ रेषेत जातात आणि सह्याद्रीची धार आडवी आली की तिथेच अडतात. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह पावणेचारशे मीटरच्या पुढची, जमिनीला धरून लांबवर जाणारी. हे केंद्र १९५३ सालचं, म्हणजे एक्स्प्रेसवेच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीचं. पण आता गाडीत मीडियम वेव्ह लावतो कोण! अनेक नव्या स्टीरिओंमध्ये ती सोयच नसते. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर आणि इन्व्हर्टरचा विजेचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात घुसतो, म्हणून परदेशातल्या काही कंपन्यांनी एएम रेडिओ काढूनच टाकला.

हे सगळं सांगायचं कारण असं की, कंपनीचा स्टीरिओ काढून मोठ्या स्क्रीनचा ‘अँड्रॉइड’ बसवला, पहिल्याच रविवारी सहकुटुंब लोणावळ्याला निघालो आणि कामशेतच्या पुढे रेडिओ खरखरायला लागला, तर माणूस घाटाला दोष देतो. पुष्कळदा दोष घाटाचा नसतो, छपरावरच्या अँटेनाचा असतो. पूर्वी बॉनेटच्या कडेला ओढून लांब करायची काठी असे. आता छपरावर आखूड दांडी किंवा माशाच्या परासारखा पंख येतो. एवढ्याशा अँटेनाने पकडलेला सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून तिच्या बुडाशी छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. त्याला बारा व्होल्ट लागतात. काही गाड्यांत ही वीज वेगळ्या वायरने जाते, काहींत अँटेनाच्या केबलमधूनच. नवा स्टीरिओ बसवताना त्याची अँटेनासाठीची निळी वायर मोकळी सोडली किंवा अ‍ॅडॅप्टरचे पैसे वाचवले की अ‍ॅम्प्लिफायर मेला. शहरात टॉवर जवळ असल्याने ते कळत नाही. मावळात कळतं.

कंपनीचा स्टीरिओ ‘काढणं’ हे काम किती सोपं आणि किती फसवं आहे, ते यावरून लक्षात यावं. स्क्रू खोलून डबा बाहेर ओढणं हा त्यातला चौथा हिस्सा. उरलेलं काम, तो डबा कशाकशाला बांधलेला होता हे ओळखण्याचं.

आणि कंपनी म्हणजे तरी कुठली? मावळकरांना लांब पाहायला नको. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि तिथून शेवरोलेच्या स्पार्क आणि बीट बाहेर पडू लागल्या. बीट मूळची २००७ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनातली नमुना-गाडी. तिच्यासोबत आणखी दोन छोट्या गाड्या मांडल्या होत्या, त्यांत लोकांचा कौल बीटला मिळाला. २०१० च्या जानेवारीत ती भारतात विकायला आली तेव्हा चर्चा झाली ती डॅशबोर्डची. स्टीअरिंगमागे मोटरसायकलसारखं मीटर, मध्यभागी निळसर उजेडाचं पॅनेल आणि त्या पॅनेलच्याच घडणीत मिसळून गेलेला स्टीरिओ. दिसायला झकास. पण तो काढून बाजारातला चौकोनी डबा बसवायचा तर त्या गाडीसाठीच बनवलेली वेगळी फ्रेम शोधावी लागते.

जुन्या गाड्यांत ही अडचण नव्हती. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीत किंवा १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये बहुतेकांनी टेप बाहेरूनच बसवला. गाडी घ्यायची, पूजा करायची आणि थेट अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे न्यायची. त्याआधीच्या पिढीला रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे, म्हणून गाडीतल्या रेडिओचा थाट काही और होता. अमेरिकेत पॉल गॅल्विनच्या कंपनीने १९३० मध्ये गाडीसाठी रेडिओ काढला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. पुढे ते कंपनीचंच नाव झालं. गाडीच्या अँटेनाच्या जुन्या पद्धतीच्या पिनेला आजही मोटोरोला पिन म्हणतात.

डॅशबोर्डमधल्या खाचेचं माप ठरवून दिलं जर्मन मानकसंस्थेने. साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, हे झालं सिंगल डिन. उंची दुप्पट केली की डबल डिन. पुढे हेच माप आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानातला जपानी टेप कोरियन गाडीत बसू लागला. माझ्या मते गाडीवाल्या गिऱ्हाइकाला मिळालेलं हे फार मोठं स्वातंत्र्य होतं आणि ते आपल्या हातून कधी गेलं, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आता प्रत्यक्ष काढणं. सुरुवात डॅशबोर्डपासून नाही, बॉनेटपासून. किल्ली काढून घ्यायची, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठलेली असते, ती उतरू द्यायची. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना टेस्टर लावायचा नाही, उगाच सोडवायचे नाहीत. बॅटरी सोडण्याआधी मात्र एक पाहायचं. काही गाड्यांचे स्टीरिओ वीज तुटली की कोड मागतात. चोरलेला टेप चोराला निरुपयोगी ठरावा म्हणून केलेली ही सोय. कोडची चिठ्ठी गाडीच्या पुस्तिकेत असते. सेकंडहँड गाडीत ती नसतेच. मग मूळ टेप परत बसवायची वेळ आली की सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मग पॅनेल. भोवतीची प्लॅस्टिकची चौकट बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसलेली असते. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटणारा कारागीर दिसला की गाडी तिथून परत न्यावी, असं माझं मत आहे. त्यासाठी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या मिळतात, त्यांनी ओरखडा उमटत नाही. लोणावळ्यात डिसेंबरातल्या सकाळी हे काम काढू नये. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि जुन्या गाडीच्या क्लिपा कटाकट तुटतात. गाडी तासभर उन्हात ठेवली तर त्याच क्लिपा मुकाट सुटतात. अनेक गाड्यांत हझार्ड लाइटचं बटण आणि एसीचे गोल नॉब याच चौकटीत असतात. म्हणून चौकट सुटली की हिसका न देता मागे हात घालून आधी त्यांचे कपलर काढायचे.

आत बहुधा चार स्क्रू दिसतात. ते काढले की डबा पुढे सरकतो. जुन्या युरोपीय टेपना स्क्रूऐवजी दोन्ही कडांना भोकं किंवा फटी असत. त्यांत खास चाव्या घातल्या की आतले खटके दबून टेप हातात येई. डबा वीतभर बाहेर आल्यावर थांबायचं आणि मोबाईलवर मागच्या बाजूचे फोटो काढायचे. हे काम फुकटचं आहे आणि नंतर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक कपलरला एक छोटा खटका असतो. तो दाबून कपलर ओढायचा, वायर धरून ओढायची नाही.

खरा खेळ पुढे आहे. बाजारातल्या स्टीरिओच्या वायरींचे रंग बहुतांशी ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची वीज, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी, काळी अर्थ, निळी अँटेनाची, नारिंगी दिव्यांची. पांढऱ्या आणि करड्या जोड्या पुढच्या स्पीकरच्या, हिरव्या आणि जांभळ्या मागच्या. गाडीच्या बाजूच्या वायरींना मात्र हे रंग लागू नाहीत, तिथे प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा. म्हणून गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मिळतो तो घ्यावा. दोन्हीकडच्या वायरी कापून, पिळून, टेप गुंडाळून दिलेलं काम स्वस्त पडतं खरं. पण त्यावर बोट ठेवून कंपनी विजेच्या कामाची वॉरंटी नाकारू शकते आणि मूळ स्टीरिओ परत बसवायचा मार्ग बंद होतो तो वेगळाच.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर किल्ली काढली की स्टीरिओ सगळं विसरतो, घड्याळसुद्धा. वैताग आणणारं असलं तरी यात धोका नाही. त्याहून वाईट म्हणजे किल्लीची वीज शोधायचा कंटाळा करून दोन्ही वायरी बॅटरीच्या वायरीलाच जोडून टाकणं. स्टीरिओ मग कधी पुरता झोपतच नाही. रोज चालणाऱ्या गाडीत हे लपून जातं. पण लोणावळ्याच्या बंगल्यावर पंधरा-पंधरा दिवस नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाड्या थोड्या नाहीत. तिथे मालक आला की बॅटरी मेलेली, आणि शिव्या खातो बॅटरीवाला.

स्पीकरबाबत जुन्या कारागिरांची एक सवय महागात पडते. पूर्वीच्या काही टेपमध्ये स्पीकरची एक वायर गाडीच्या बॉडीला जोडून भागत असे. आजच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींतून आवाजाचा सिग्नल जातो. त्यातली एक ‘मायनस’ समजून अर्थ केली तर आतली अ‍ॅम्प्लिफायर चिप जळू शकते.

पावसाचंही पाहायला हवं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी जायच्या वाटा तुंबतात आणि ओल डॅशबोर्डच्या आत शिरते. पीळ मारून जोडलेली तांब्याची वायर एका मावळी पावसाळ्यात हिरवी पडते. मग एक स्पीकर गप्प होतो, कधी खड्ड्यात गाडी आदळली की परत बोलतो. पक्का दाबलेला किंवा डाग दिलेला जोड आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, एवढं आग्रहाने मागून घ्यावं.

एवढं सगळं करून गाडी सुरू केली की काही गाड्यांत काच एका झटक्यात वर नेणारं बटण चालेनासं होतं. घाबरायचं कारण नाही. बॅटरी सुटल्यामुळे ते विसरलेलं असतं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पुन्हा शिकवावं लागतं.

नव्या गाड्यांत मात्र दुखणं खोल आहे. बॉशने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत जाहीर केली, त्यात गाडीतले निरनिराळे छोटे संगणक दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. स्टीरिओ आता त्या संभाषणातला एक सभासद आहे. स्टीअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, काही गाड्यांत एसीची माहिती, सगळं त्याच्याकडून जातं. अमेरिकेतल्या जीएमच्या काही गाड्यांत तर सीटबेल्टची आणि इंडिकेटरची टिकटिकही रेडिओतून येत असे. रेडिओ काढला की इशारेही गप्प. म्हणून नव्या स्टीरिओसोबत कॅनबसचा डीकोडर मिळतो. तो नीट मिळाला तर बटणं चालतात, नाही तर फक्त डॅशबोर्डची शोभा. त्यात स्क्रीन आता डॅशबोर्डच्या वर तरंगणारी किंवा मीटरशी जोडून एकच लांब पाटी झालेली. डिनची खाचच उरली नाही, काढणार काय?

तळेगावचीच गोष्ट पाहा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावात निर्यातीसाठी काम चालू राहिलं, तेही २०२० च्या डिसेंबरात थांबलं आणि कामगारांची लांबलचक लढाई सुरू झाली. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडू लागली. त्या गाडीत मीटरची आणि गाण्यांची अशा दोन मोठ्या स्क्रीन एकाच वळणदार पाटीत बसवल्या आहेत. एकाच आवारात, सतरा वर्षांच्या अंतराने, स्पार्क आणि ही गाडी. स्क्रीनला माझा विरोध नाही. सॉफ्टवेअर घरबसल्या अद्ययावत होतं, फोनचा नकाशा समोर येतो, आणि एक्स्प्रेसवेच्या बोगद्यांत रेडिओ मुका झाला तरी फोनमधली गाणी चालू राहतात. पण दहा वर्षांनी ती स्क्रीन बिघडली तर मावळातला कारागीर काय करणार, याचं उत्तर विक्रेत्याकडून आधीच मागावं.

ज्यांच्याकडे बीट किंवा तशीच बंद झालेली गाडी आहे त्यांनी तर काढलेला मूळ स्टीरिओ भंगारात देऊ नये. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलं तर असे अनाथ टेप दिसतात. कोड नाही, कपलर कापलेला, बाजूच्या लोखंडी पट्ट्या गायब. स्वतःचा काढाल तेव्हा त्याच्यासोबत पट्ट्या, स्क्रू, चौकट आणि कोडची चिठ्ठी एकाच पिशवीत बांधून ठेवावी. गाडी विकताना सगळं मूळचं परत बसवता आलं तर गिऱ्हाईक वायरिंगवरून भाव पाडत नाही.

आणि नव्या स्टीरिओचं पक्कं बिल घ्यावं. कंपनीने न दिलेला स्टीरिओ विमा कंपनीला कळवला नसेल, तर चोरी किंवा अपघात झाल्यावर त्याची भरपाई मिळेलच असं नाही. पॉलिसीत ‘इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’चा रकाना त्यासाठीच असतो. प्रचलित दराने त्याला वस्तूच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता पडतो, म्हणजे वीस हजारांच्या स्टीरिओला वर्षाला आठशे रुपये, वर जीएसटी लागेल तो. पॉलिसीचं नूतनीकरण मोबाईलवर दोन मिनिटांत उरकताना हा रकाना हमखास शून्य ठेवला जातो.