'पास्सेज्जाता' : इटालियन नगरजीवनातील सायंफेरी

इटलीतील लहानमोठ्या नगरांत सायंकाळी, रात्रीच्या भोजनापूर्वी, मुख्य रस्त्यावर संथपणे फिरण्याची प्रथा आहे. तिला 'पास्सेज्जाता' म्हणतात. दक्षिणेत 'स्त्रूशो' हा शब्दही रूढ आहे. ही फेरी व्यायामासाठी नसते, कोठे पोहोचण्यासाठीही नसते. पेरूज्यातील कोर्सो व्हान्नुच्चीसारख्या रस्त्यावर तीच माणसे तेवढ्याच अंतरात पुन्हा पुन्हा ये-जा करतात. पोहण्याच्या तलावातील फेऱ्यांवरून या येरझारांना 'व्हास्के' असे नाव पडले आहे.

घरच्या कपड्यांवर मात्र कोणी निघत नाही. चारचौघांत नीटनेटके दिसणे, म्हणजेच 'बेल्ला फिगूरा', हे येथील मूल्य होय. पाहणे आणि पाहिले जाणे ही दोन्ही कार्ये येथे एकाच वेळी घडतात. जोव्हान्ना देल नेग्रो यांनी अब्रुत्सो प्रदेशातील एका गावाच्या सायंफेरीवर २००४ मध्ये ग्रंथ लिहिला असून तीत त्यांना एक सांस्कृतिक सादरीकरण दिसते. स्त्रीचा पोशाख, चाल आणि सोबत यांवरून तिच्याविषयी मते बनतात, ही बाजू पर्यटनपुस्तिकांतील रम्य वर्णनांत सहसा येत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीत हे रस्ते ओस पडले. तेव्हा लोक आपापल्या सज्जांत येऊन एकमेकांसाठी गाऊ लागले.