शाहिराला मालक नसतो, मग त्याचा विमा कोण भरणार?

१४ एप्रिल जवळ आला की मानवत, पाथरी, सेलूकडच्या गायन पार्ट्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आज या गावची जयंती, उद्या त्या गावची. महिना संपला तरी जयंत्या संपत नाहीत, त्यात बुद्ध पौर्णिमा आणि लग्नसराई. रात्री उशिरा कार्यक्रम आटोपायचा, टेम्पोत पेटी, ढोलकी, ऑक्टोपॅड लादायचे आणि त्यावरच डोकं टेकून गाव गाठायचं. आवाज बसला तर खडीसाखर, अंग तापलं तर मेडिकलवरची गोळी. पाऊस लागला की सुपारी बंद, हाताला काम नाही, आणि सीझनभर अंगावर काढलेलं दुखणं नेमकं तेव्हाच डोकं वर काढतं. मग आधी ढोलकी गहाण पडते, नंतर बायकोचे मणी.

पार्टीतल्या कुणालाही विचारा, विमा आहे का? उत्तर ठरलेलं असतं : विमा नोकरीवाल्यांचा असतो, आमचा कुठून असणार?

हे उत्तर अर्धं खरं आहे. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया या देशात घातला गेला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. १५ ऑगस्ट १९४४ ला त्यांनी अहवाल दिला, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तिची रीत सोपी आहे. कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापायची, मालकाने त्याहून बरीच जास्त भरायची. आज कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे.

घोडं अडतं ते इथे. हलगीवाल्याचा मालक कोण? जयंती कमिटी एका रात्रीपुरती मालक, बिदागी हातावर ठेवली की नातं संपलं. पार्टीप्रमुख स्वतःच सुपारीच्या भरवशावर जगणारा. म्हणून कलावंत त्या कायद्याबाहेर राहिला, आणि ऐंशी वर्षं होत आली तरी बाहेरच आहे. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. त्या वयातही ते लोकांपुढे उभे होते. शाहिराला सेवानिवृत्ती नसते असं आपण कौतुकाने म्हणतो, पण सेवानिवृत्ती नसणं म्हणजे पेन्शन नसणं, रजा नसणं, दवाखान्याची सोय नसणं, हेही त्यातच आलं.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. मालक नसला तरी चालेल असा एक विमा आपल्या घरात पडून आहे, आणि त्याचं कागदपत्र म्हणजे आपलं रेशनकार्ड.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. बराच काळ मर्यादा दीड लाखाची होती आणि ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. जून २०२३ च्या निर्णयाने ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत केली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून नवी रचना लागू झाली. आता पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. हप्ता शून्य. हे पाच लाख माणशी नाहीत, सगळ्या घराचे मिळून आहेत, हे ध्यानात ठेवा. पण घरात माणसं किती यावर बंधन नाही, वयाची अट नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारालाही पहिल्या दिवसापासून उपचार मिळतो. ही शेवटची गोष्ट कुठलीही खाजगी कंपनी इतक्या सहज देत नाही.

मिळतं काय? योजनेच्या यादीतल्या उपचारासाठी अंगीकृत दवाखान्यात दाखल झालात तर खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं, आणि सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी. हृदय, किडनी, कॅन्सर, मेंदू, भाजणं, हाडं मोडणं, असे मोठे आजार यादीत आहेत. मिळत नाही काय? नुसतं ओपीडीत दाखवून गोळ्या घेतल्या तर त्याचे पैसे योजना देत नाही. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, खाजगीत गेलात तर त्याला मंजुरी मिळणार नाही. आणि यादीत नसलेल्या दवाखान्यात भरती होऊन मागून बिलं जोडून पैसे मागता येत नाहीत. म्हणून भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. त्याचं टेबल दर्शनी भागात असतं. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या फुकट नंबरांवर विचारलं की आपल्या आजारासाठी जवळचा दवाखाना कोणता तेही कळतं.

साधा ताप, शुगर, बीपी यांसाठी योजनेची वाट पाहू नका. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. मानवतला ग्रामीण रुग्णालय आहे. महिन्यातून एकदा बीपी मोजायला तिकडे जाण्यात कुणाचा मान कमी होत नाही.

इतकं सगळं असताना माणसं ऐनवेळी अडतात ती कागदावर. आणि कलावंत तर हमखास अडतो, कारण त्याची नावं दोन असतात. पोस्टरवर ‘भीमशाहीर’ लावलेलं एक नाव, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर आजोबांनी सांगितलेलं तिसरं. समजा, मानवतचा एखादा ढोलकीवादक आहे. लग्न होऊन सहा वर्षं झाली, भावापासून चूल वेगळी झाली, पण रेशनकार्ड अजून वडिलांचंच. बायकोचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलं नाही म्हणून सासरच्या कार्डात चढलेलं नाही. पोरीचं नाव कुठेच नाही. उद्या ती बाई पोटात गाठ निघाली म्हणून परभणीला भरती झाली तर आरोग्यमित्र तिला ओळखणार कसं? योजना आहे, दवाखाना आहे, डॉक्टर तयार आहे, आणि नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेत रांगेत उभा आहे. हे काम घरात सगळे धडधाकट असताना करायचं असतं. लहान मुलाचं नाव चढलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आई-वडिलांसोबतचा फोटो जपून ठेवा. कार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्राचा रस्ता आहे, पण तेही एका दिवसात हातात पडत नाही.

नावं जुळली की आयुष्मान कार्ड काढून घ्या. ते मोफत आहे. आशाताईंकडे, ग्रामीण रुग्णालयात किंवा सेवा केंद्रावर विचारा, आणि वस्तीत लॅपटॉप घेऊन बसलेला कुणी कार्डासाठी पैसे किंवा भलताच ओटीपी मागत असेल तर उठून या. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, तिला उत्पन्नाची अट नाही आणि आधार पुरतं. वस्तीतल्या जुन्या गायकांपैकी किती जणांनी ते काढलंय, हे तरुणांनी एका रविवारी फिरून पाहावं.

कलावंताचा दुसरा धोका रस्त्यावरचा. मध्यरात्री, झोपाळलेला ड्रायव्हर, मागे माणसं आणि सामान एकत्र. अपघात झाला तर १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते. मे २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेल्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यात पैसे न भरता मिळायला हवा, त्याच्याकडे कुठलाही विमा असो वा नसो. शिवाय बँकेतून मिळणारा अपघात विमा, म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख. तो दवाखान्याचं बिल भरत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचे पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात, आणि खात्यात वीस रुपये नसले तर विमा तुटतो. सुदैवाने मे महिन्यात आपल्या पार्ट्यांकडे पैसा असतो. फक्त तो खात्यात असायला हवा.

आता खाजगी पॉलिसी घ्यावी का? आधी वरची कामं पूर्ण करा. त्यानंतर हातात पैसे उरत असतील, जवळचा चांगला दवाखाना योजनेत नसेल, तर विचार करा. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी शून्य झाला, तेवढा भार हलका झाला आहे. एजंटाच्या रंगीत पत्रकापेक्षा ‘आरोग्य संजीवनी’ हे नाव सांगून मागा. २०२० पासून आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावीच लागते. अटी सगळीकडे त्याच, त्यामुळे हप्त्यांची तुलना सरळ करता येते. त्यात प्रत्येक दाव्यातले पाच टक्के आपण भरायचे असतात.

दोन गोष्टी मात्र एजंट हळू आवाजात सांगतो. पहिली, वाट पाहण्याचा काळ. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दुसरी, खरं सांगणं. फॉर्मवर तंबाखू, दारू, शुगर, बीपी विचारलेलं असतं. ‘लिहा नाही, हप्ता कमी येईल’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. दवाखान्याच्या केसपेपरवर डॉक्टरने तंबाखूची सवय लिहिली की कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं, आणि भरलेले हप्ते पाण्यात जातात. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क आहे. कंपनीने अन्याय केला तर १५५२५५ वर तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे आपल्या भागाची प्रकरणं जातात. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. एखाद्या दवाखान्याचं ‘हेल्थ कार्ड’ विकत घेतलं असेल तर तो विमा नव्हे, ते फक्त सवलतीचं कार्ड आहे.

तंबाखूचा विषय निघालाच आहे. रात्रभर जागं राहायला गुटखा आणि घसा मोकळा करायला घोट, ही पार्ट्यांमधली जुनी समजूत घशाला खाते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, गिळताना दुखू लागलं किंवा तोंडातला फोड भरेना, तर खडीसाखर बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. गाठ निघाली तरी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मानवत रोडहून तिकडे रेल्वे जाते. लवकर गेलेल्याचा आवाज वाचण्याची शक्यता पुष्कळ असते.

शेवटी जयंती कमित्यांना दोन शब्द. डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत किती उडतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पार्टीची सुपारी देताना प्रत्येक कलावंताचे वीस रुपये बिदागीवर जास्त धरा आणि त्याच्या खात्यातच टाका. पार्टीप्रमुखांनी सुपारी घेताना वहीत प्रत्येकाचं आधारवरचं नाव, रेशनकार्ड आहे की नाही, आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून ठेवावा. पार्ट्यांची नोंदणीकृत संस्था आधीपासून चालू असेल तर तिच्या नावाने विमा कंपनीकडे गट विम्याचा दर मागता येतो, मात्र नुसत्या विम्यासाठी उभा केलेला गट नियमात बसत नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांनी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेचा अर्ज जरूर भरावा. २०२४ पासून महिन्याला पाच हजार रुपये मिळतात. त्यासाठी कार्यक्रमांच्या पत्रिका, पेपरातली कात्रणं, फोटो लागतात. आपल्याकडे त्या पत्रिका जयंती झाली की रद्दीत जातात. यंदा प्रत्येक कार्यक्रमाची एक प्रत पेटीच्या खोक्यात राहू द्या, त्यावर पोस्टरचं नाव आणि आधारचं नाव दोन्ही छापलेली असतील तर उत्तमच.