विश्लेषण : ओठातील ग्रंथी कोरड्या डोळ्याला ओलावा कशा देतात?
फिट्सच्या किंवा सल्फाच्या काही गोळ्यांची क्वचित तीव्र रिॲक्शन येते. अंगावर फोड उठतात, तोंड सोलवटते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. रुग्ण वाचला तरी अश्रूंच्या वाटा व्रणांनी बुजतात. मग नुसते ड्रॉप्स पुरत नाहीत.

अशा वेळी रुग्णाच्याच ओठाच्या आतील बारीक लाळग्रंथी अस्तरासह काढून पापणीच्या आत बसवतात. त्या सतत पाझरतात. स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारत नाही.

ही शस्त्रक्रिया हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत होते. नांदेड-लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ.

मात्र ओलावा वाढला म्हणून गेलेली नजर परतेलच असे नाही. त्यामुळे रिॲक्शन येताच, पहिल्या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा व्रण रोखता येतात. गोळीचे नावही लिहून ठेवा.