हिब्रू भाषेचे कथाकार : अग्नोन

अलिबाग, पेण, पनवेलकडच्या मंडळींना ‘शनिवार तेली’ हे नाव नवे नाही. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी मात्र तो बंद ठेवायचा, अशी या बेने इस्राएल लोकांची रीत. घरात बोलणे मराठी, प्रार्थना हिब्रू. जगभर पांगलेल्या ज्यू लोकांचे असेच होते. बोलायची भाषा त्या त्या मुलखाची, पोथीची भाषा हिब्रू. सतराशे वर्षांच्या आसपास हिब्रू भाषा वाचली गेली, लिहिली गेली, पण आईने मुलाला हाक मारावी ती काही या भाषेत नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एलिएझेर बेन येहुदा यांच्यासारख्या माणसांनी ती पुन्हा बोलती करण्याचा ध्यास घेतला. त्याच भाषेत कथा-कादंबऱ्या लिहून १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे श्मुएल योसेफ अग्नोन यांची आज ओळख करून घेऊ या.

अग्नोन यांचा जन्म १८८७-८८ च्या सुमाराचा, बुचाच या गावचा. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आता तो युक्रेनमध्ये आहे. घरात यिद्दिश बोलत. वडील कातडी-लोकरीचे व्यापारी, पण धर्मग्रंथांचे चांगले जाणकार. त्यांच्याजवळ बसून मुलाने जुने ग्रंथ वाचले. आईकडून जर्मन गोष्टी ऐकल्या. १९०८ साली तरुण श्मुएल पॅलेस्टाइनमधल्या याफा बंदरी जाऊन राहिला. तिथे त्याने ‘अगुनोत’ नावाची कथा लिहिली. ज्या बाईचा नवरा परागंदा झाला, पण काडीमोड मिळाली नाही, तिला ज्यू धर्मशास्त्रात ‘अगुना’ म्हणतात. धड संसार नाही, धड सुटका नाही. या कथेच्या नावावरूनच त्याने ‘अग्नोन’ हे नाव घेतले. जुने सुटत नाही आणि नवे पुरते हाती लागत नाही, ही अवस्था त्यांच्या पुढच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते.

पुढची बारा-एक वर्षे त्यांनी जर्मनीत काढली. सालमन शॉकेन या व्यापाऱ्याने त्यांना आधार दिला, पुढे त्यांची पुस्तकेही छापली. पण १९२४ साली घराला आग लागली. चार हजारांच्या आसपास ग्रंथ आणि एका मोठ्या कादंबरीचे हस्तलिखित जळून गेले. त्याच साली ते यरुशलेमला गेले. १९२९ च्या दंगलीत तिथल्या घराचीही नासधूस झाली. दोनदा सर्वस्व गेले, तरी लेखणी थांबली नाही.

त्यांची १९३१ ची कादंबरी आपल्याकडच्या कुणालाही ओळखीची वाटावी. गरीब, देवभोळा रेब युदेल, पदरी तीन उपवर मुली. हुंड्याचे पैसे जमवायला तो गाडीत बसून गावोगाव हिंडतो. वाटेत माणसे भेटतात, गोष्टीतून गोष्ट निघते, आणि हसता हसता एका नाहीशा होत चाललेल्या जगाची ओळख पटते.

१९४५ सालची कादंबरी मात्र अंगावर काटा आणते. शेती करायची म्हणून इत्झाक कुमेर पॅलेस्टाइनला येतो. शेतावर काम मिळत नाही, म्हणून रंगारी होतो. एके दिवशी गंमत म्हणून तो एका भटक्या कुत्र्याच्या पाठीवर ब्रशाने लिहितो, ‘पिसाळलेला कुत्रा’. झाले! जो वाचील तो पळतो, नाहीतर धोंडा मारतो. आपला गुन्हा काय, हे त्या मुक्या जनावराला कळत नाही. शेवटी ते खरोखरच पिसाळते आणि लिहिणाऱ्यालाच चावते. त्या विषानेच इत्झाक मरतो. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. पोराच्या पाठीवर आपण ‘ढ’ असे लिहून मोकळे होतो, पण ते वाचत वाढायचे त्याला असते.

अग्नोन १९३० साली बुचाचला जाऊन आले होते. त्या भेटीतून १९३९ ची कादंबरी झाली. पहिल्या महायुद्धानंतर एक माणूस आपल्या गावी येतो. गाव खचलेले, माणसे देश सोडून निघालेली. धर्मग्रंथ वाचायच्या जुन्या पाठशाळेची किल्ली लोक त्याच्या हाती देतात. ती किल्ली हरवते. तो नवी करून घेतो, निघताना गावात ठेवतो. यरुशलेमला येऊन सामान सोडतो, तर जुनी किल्ली सामानात! पुढे खरे गावही उरले नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बुचाचचे बहुतेक सगळे ज्यू मारून टाकले. उतारवयात अग्नोन त्या गावच्या कथा लिहीत राहिले. १९७० साली ते वारले. त्या कथांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मुलीने १९७३ साली प्रसिद्ध केला.

तुम्ही म्हणाल, भाषा नवी होत असताना हे जुन्या ग्रंथांच्या वळणाची हिब्रू का लिहीत बसले? कारण शब्द टाकला, की त्या शब्दाने जगलेली माणसेही विसरली जातात, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडे मोट गेली. तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही चालले. ते सांगणारी माणसे अजून काही गावांत आहेत. शाळेतल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, एवढे तर आपल्या हातचे आहे.