आई-बाबांचे पैसे त्यांनाच खर्चू द्या

धंदा काढायचा म्हटलं की भांडवलासाठी पहिली नजर जाते ती बाबांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीवर. गंमत बघा, बाबासुद्धा ते पैसे त्यासाठीच राखून असतात! चष्म्याची काडी दोऱ्याने बांधतील, पण एफडी मोडणार नाहीत. का? "पोरांना लागतील."

म्हणून 'आता जरा मजा करा' असं नुसतं सांगून भागत नाही. आधी स्पष्ट बोला, "बाबा, धंद्यात तुमचा रुपया नको. मी मुद्रा कर्जाचा अर्ज करणार आहे, त्याला तारण लागत नाही." आणि शब्द पाळा.

मग आकडे दाखवा, कारण ही पिढी पासबुकावरच विश्वास ठेवते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 10 लाख असतील, तर 8.2 टक्के दराने दर तीन महिन्यांना 20,500 रुपये व्याज येतं. मुद्दल जागच्या जागी. आणि हे व्याज उचललंच नाही, तर त्यावर पुढे व्याज मिळत नाही! पडून ठेवण्यात नुकसान आहे, हे कळलं की काटकसरी माणूस लगेच जागा होतो.

दवाखान्याची भीती मात्र खरी आहे, तिथे वाद घालू नका. ती रक्कम वेगळी काढा. उरलेल्या व्याजातून अष्टविनायक करा म्हणावं. एसटीत पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत, पासष्टीपुढे अर्धं तिकीट. बचतीचं समाधानही मिळेल.

सुरुवात मात्र छोटी करा. आधी चष्मा.