परसातला लाकडी मांडव : जुन्या घराच्या लाकडाचे सोने करा



कार्यक्रमात आपण परसातल्या लाकडी मांडवाची माहिती ऐकली. ऐकता ऐकता मापे लक्षात राहत नाहीत, म्हणून ती या पत्रकात दिली आहेत. पत्रक जपून ठेवा आणि सुताराला दाखवा.

आपल्या चिखली, मोशी, तळवडे, चाकण पट्ट्यात आज एक गोष्ट गावोगाव दिसते. आजोबांच्या वेळचे माळवदाचे किंवा कौलारू घर पाडतात आणि तिथे सिमेंटचे घर उभे राहते. पाडलेल्या घराचे सागवानी खांब, तुळया, कड्या दारात पडून राहतात. दोन पावसाळे भिजतात, मग कोणीतरी भंगारवाला येतो आणि पडेल भावाने घेऊन जातो. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेले असे लाकूड आज बाजारात नवे घ्यायला गेलात तर सहजी मिळणार नाही. त्यातले सहा खांब आणि आठ-दहा तुळया राखून ठेवा. परसात छान मांडव होतो. कांदा सुकवा, भाजीच्या जुड्या बांधा, दुपारी गाय-वासरू बांधा, संध्याकाळी भजनाला बसा.

पण बांधायचा तर नीट बांधा. याचे कारण माझ्याच घरचे सांगतो.

आमचा मांडव का पडला

2014 साली आमच्या घरी वडिलांनी बाभळीच्या सहा खांबांचा मांडव घातला. मी तेव्हा नुकताच कृषी पदवीधर झालो होतो. "आबा, खांब दोन फूट जमिनीत पुरू आणि भोवती काँक्रीट ओतू, म्हणजे हालणार नाही," असे मीच सांगितले. वडिलांनी ऐकले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनकडून शिरलेला वारा घाट चढून मावळ-खेडपर्यंत आला. मांडव बसला तो खाली बांधलेल्या कालवडीवर. कालवड गेली. आई पाच मिनिटांपूर्वीच तिथून कांदे उचलून घरात गेली होती.

सगळे म्हणाले, वादळापुढे कोणाचे चालते? दुसऱ्या दिवशी मी खांब पाहिले. सहाच्या सहा एकाच ठिकाणी मोडले होते, जमिनीच्या अगदी पातळीवर. आतले लाकूड भुश्यासारखे झाले होते, बोटाने निघत होते. म्हणजे वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. मांडव सहा वर्षे पाण्याने पडत होता आणि चूक माझी होती.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल जमिनीत ओल असते पण हवा कमी. वर हवा असते पण ओल टिकत नाही. जमिनीच्या पातळीवर दोन्ही मिळतात, म्हणून खांब तिथेच कुजतो. भोवती काँक्रीट ओतले की खांबाला वाटी तयार होते. पाणी आत शिरते, बाहेर निघत नाही. वाळवीलाही जमिनीतून थेट वाट मिळते आणि ती आपल्याला दिसत नाही.

आपल्या जुन्या सुतारांना हे ठाऊक होते. जुन्या वाड्यात खांब कधी मातीत पुरलेला दिसणार नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. पुण्याचा विश्रामबागवाडा 1807 च्या सुमारास बांधला, त्याचे लाकडी खांब आजही पाहायला मिळतात. जपानमधल्या होर्यूजी मंदिराची लाकडी इमारत सुमारे तेराशे वर्षांची आहे, तिचेही खांब दगडावर आहेत. तेव्हा पहिला नियम हा : खांबाचा पाय कोरडा ठेवा.

जागा आणि परवानगी

चिखली 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. "लाकडीच तर आहे, त्याला कोण विचारतो?" असे समजू नका. आधी महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात लेखी विचारून घ्या. जमीन इंद्रायणीच्या बाजूला असेल तर निळी पूररेषा कुठून जाते ते नकाशावर पाहा. मे 2025 मध्ये चिखलीतच पूररेषेच्या आतले 36 बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. चाकण बाजूच्या गावांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

जागा थोडी उंचावरची, पाणी न साचणारी घ्या. वरून विजेची तार जात नसावी. नारळ किंवा सुबाभळीसारख्या झाडाच्या अगदी खाली मांडव नको.

लाकूड कसे पारखावे

आपला मांडव 10 फूट रुंद आणि 15 फूट लांब, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन खण बाय तीन खण. पुढील लाकूड लागेल :

- खांब 6 : 5 × 5 इंच, साडेआठ फूट लांब
- लांबीच्या तुळया 2 व आढे 1 : 4 × 6 इंच, 19 फूट (तुकडे चालतील, पण सांधा खांबावरच यावा)
- आडव्या तुळया 3 : 4 × 6 इंच, 11 फूट
- वासे 18 : 2 × 4 इंच, 8 फूट
- रिपा 8 : 2 × 2 इंच, 19 फूट (तुकडे चालतील, सांधा वाशावर घ्या)
- आढ्याखालचे आखूड खांब 3 आणि तिरपे हात यांसाठी तुकडे

सगळे मिळून साधारण 40 घनफूट लाकूड होते.

जुना वासा हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत पोकळ आहे. टोच्या मारून पाहा. सहज रुतला तर तेवढा भाग कापून टाका. भिंतीत गेलेली टोके हमखास कुजलेली असतात. सागाचा गाभा टिकतो, कडेचा पांढरा भाग किडा खातो; तो तासून काढा. जुने खिळे सगळे उपटा, नाहीतर सुताराचा रंधा आणि तुमची मजुरी दोन्ही जातील.

जुने लाकूड कमी पडले तर बाभळीचा गाभा खांबाला चालतो, पण ओली बाभूळ लावू नका. ती सुकताना पिळते आणि जोड सुटतात. कापलेले लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा. जाड वाशांना वर्षभर तरी वाळू द्या. आणि झाड स्वतःच्या परसातले असले तरी शहर हद्दीत 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

कारखान्यांच्या पेट्यांचे पाइन लाकूडही आपल्याकडे मिळते. कुदळवाडीची भंगार गोदामे फेब्रुवारी 2025 मध्ये पाडली गेली, तरी हे लाकूड या पट्ट्यात येतच असते. त्यावर कधी कणसाच्या चित्राचा शिक्का आणि 'एचटी' ही इंग्रजी अक्षरे असतात. त्याचा अर्थ, लाकूड आतपर्यंत 56 अंशाला 30 मिनिटे तापवले आहे. त्याने त्या वेळचा किडा मरतो. पुढे वाळवी लागणार नाही असे नाही. 'एमबी' शिक्का असेल तर ते विषारी धुरी दिलेले लाकूड आहे, घेऊ नका. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलेही नको. पाइन फक्त छपराखालच्या बाकाला, फळ्यांना वापरा. खांब-तुळयांना नाही.

पाया

दोरीने 10 × 15 फुटांचा चौकोन आखा. समोरासमोरचे कोपरे मोजा. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे 18 फुटांना किंचित जास्त भरले की काटकोन बरोबर. लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खांब, साडेसात फुटांवर.

प्रत्येक खांबाखाली 2 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट खोल खड्डा घ्या. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे काँक्रीट भरा. ते जमिनीच्या वर 6 इंच उचला आणि माथ्यावर घडीव दगड बसवा. दगडाच्या दोन बाजूंनी 2 इंच रुंद, 6 मिलिमीटर जाड लोखंडी पट्ट्या काँक्रीटमध्ये उभ्या पुरा. त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये खांब दगडावर उभा राहील आणि आरपार दोन बोल्टांनी आवळला जाईल. निदान सात दिवस पाणी मारा.

एवढे मोठे खड्डे कशाला, असे कोणी म्हणेल. हिशेब पाहा. भारतीय मानकानुसार पुणे भागात ताशी सुमारे 140 किलोमीटर वारा धरून बांधकाम करतात. तेवढा वारा चौरस मीटरला सुमारे 90 किलो जोर लावतो. आपले छप्पर वळचणीसकट सुमारे 25 चौरस मीटर. सगळा जोर वर लागला तर सव्वादोन टन. पत्र्याचे वजन किती? जेमतेम सव्वाशे किलो. उघड्या मांडवात वारा खालून शिरून छप्पर उचलतो. म्हणून आपल्याला छप्पर पेलायचे तर आहेच, पण त्याहून जास्त काळजी ते धरून ठेवण्याची. आठ घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 540 किलो. असे सहा पाय मिळून सव्वातीन टन होतात. दुसरा नियम : छप्पर पायापर्यंत बांधलेले असावे.

सांगाडा आणि जोड

खांबाच्या डोक्याला दीड इंच जाड, 6 इंच लांब जीभ काढा. तुळईत त्याच मापाचे भोक किकऱ्याने पाडा. जीभ बसली की आडवी सागवानी खुंटी ठोका. तुळई नेहमी उभी ठेवा. 4 × 6 ची उभी तुळई आडव्या ठेवलेल्या तुळईच्या दीडपट वजन घेते. लांबीच्या तुळयांवर तीन आडव्या तुळया येतील. खाच एक इंचाची पुरे. जाडीच्या चौथ्या हिश्श्याहून खोल खाच कधी घेऊ नका, तुळई तिथेच चिरते.

आडव्या तुळयांच्या मधोमध आखूड खांब आणि त्यांवर आढे. पत्रा घालायचा असेल तर आढे 2 फूट उंच, कौले घालायची तर 3 फूट. उताराप्रमाणे वासे थोडे लांब घ्या. कौलांचे वजन चौरस मीटरला साधारण 40 किलो, म्हणून कौलांसाठी आडव्या तुळया 5 × 7 इंचाच्या घ्या. वळचण चारही बाजूंनी 2 फूट बाहेर काढा, म्हणजे पावसाचे पाणी खांबांवर येणार नाही.

आता तिरप्या हातांविषयी. ज्वारीची चार ताटे घ्या आणि सुतळीने चौकोन बांधा. ढकला, चौकोन लगेच कलतो. आता कोपऱ्यात एक तिरपे ताट बांधा आणि पुन्हा ढकला. कलत नाही. मांडवाचेही तसेच. प्रत्येक खांबापासून तुळईला दोन्ही दिशांनी अडीच फुटांचे तिरपे हात द्या. लोक हाच खर्च वाचवतात आणि मांडव दोन वर्षांत डुलायला लागतो. तिसरा नियम : तिरपे हात सोडू नका.

प्रत्येक वासा तुळईला खिळ्यासोबत लोखंडी पट्टीने बांधा. नुसता खिळा वारा उपटतो. पत्र्याला स्क्रू मारताना खाली रबरी वॉशर घ्या आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात पाणी गळते. वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत स्क्रू दाट घ्या, कारण वारा पत्रा तिथूनच उचलतो.

निगा

पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा मांडवाभोवती फिरा. बोल्ट आवळा. खांबाच्या पायाशी कचरा, शेण, पेंढ्या साठू देऊ नका. दगडावरून मातीची बारीक नळी चढताना दिसली की ती वाळवी समजा. लगेच खरवडून काढा आणि कृषी सहायकाला दाखवा. पूर्वी वाळवीसाठी आल्ड्रीन टाकत. त्यावर बंदी आली आहे. घरात जुना डबा सापडला तरी वापरू नका. जुने इंजिन ऑइलही जनावरे चाटतात त्या खांबाला नको. लाकडाला वर्षाआड जवसाचे तेल पुरेसे आहे.

मांडवात चूल पेटवू नका. शनिवारवाड्याचे लाकडी मजले 1828 च्या आगीत गेले आणि दगडी जोते तेवढे राहिले.

काम दिवाळीनंतर काढा आणि वळवाच्या पावसाआधी संपवा. आमच्या घरी 2021 साली नवा मांडव उभा राहिला. चुलत्यांच्या जुन्या घराचे खांब भंगारात जाणार होते, ते आणले. वडिलांनी प्रत्येक पाय वाकून पाहिला आणि मगच गाय आत बांधू दिली. आजवर तो हाललेला नाही.

आपल्या दारात जुने लाकूड पडले असेल तर आज संध्याकाळीच ते विटांवर उचलून ठेवा आणि वर ताडपत्री घाला. बांधकाम पुढच्या वर्षी करा, पण लाकूड या पावसात भिजू देऊ नका. शंका असल्यास कार्यक्रमाला पत्र लिहा, मापे आणि जागेचा कच्चा नकाशा सोबत पाठवा. पुढच्या भागात उत्तर देऊ.